तेलमिश्रित भूजल आणि कोळशाची गाळणी

पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पेल्यात पाणी भरून त्यावर थोडे तेल सोडावे आणि वात पेटवावी, म्हणजे तेल संपेपर्यंत दिवा जळत राहतो; खालचे पाणी जसेच्या तसे असते. या अनुभवावरून आपली अशी समजूत होते की, विहिरीत चुकून पेट्रोल किंवा रॉकेल पडले, तर वरचा तवंग काढून टाकला की पाणी पुन्हा पूर्ववत शुद्ध झाले. ही समजूत अपुरी आहे. खनिज तेल हा एकच पदार्थ नसून शेकडो रासायनिक संयुगांचे ते मिश्रण असते, आणि त्यांपैकी काही संयुगे अल्प प्रमाणात का होईना, पाण्यात विरघळतात. डोळ्यांना न दिसणारा हा अल्प अंशच आरोग्यास घातक ठरतो आणि तो वेगळा काढणे हेच खरे अवघड काम असते.

हे प्रमाण किती अल्प असते, याची कल्पना एका साध्या गणिताने येईल. आपल्या देशात पेट्रोलमध्ये बेंझीन या संयुगाचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्याहून अधिक असू नये, असा निकष आहे. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम बेंझीन असू शकते. बेंझीन हे कर्करोगास कारणीभूत ठरणारे द्रव्य असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा एक लिटर पेट्रोलमधील सर्व बेंझीन पाण्यात उतरले, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठावर येऊन ठेपते. उन्हाळ्यात गावोगाव पाणी पुरविणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर हे पाणी सुमारे ८८ टँकर भरेल!

अशा पाण्यातून इंधनाचा अंश काढून टाकण्यासाठी जगभर जी साधने वापरली जातात, त्यांत सक्रियित कार्बन, म्हणजेच विशेष प्रक्रिया केलेला कोळसा, याचे स्थान महत्त्वाचे आहे. या साधनाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचा परिचय करून देण्यासाठी अलीकडच्या काळातील एक बोलके उदाहरण घेऊ.

नळाला आलेला वास

प्रशांत महासागरातील हवाई बेटे हे अमेरिकेचे एक राज्य होय. तेथील ओआहू बेटावर होनोलुलू ही राजधानी आणि पर्ल हार्बर हा प्रसिद्ध नाविक तळ आहे. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस या तळाच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांना घरच्या नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. पाण्यावर तेलकट तवंग दिसू लागला. मुलांना मळमळ, डोकेदुखी, जुलाब, अंगावर पुरळ असा त्रास सुरू झाला. पाणी सुरक्षित नसल्याचे कोणतेही तात्काळ लक्षण नाही, असे तळाच्या अधिकाऱ्यांकडून सुरुवातीस सांगण्यात आले. परंतु राज्याच्या आरोग्य विभागाने ते पाणी पिऊ नये, असा सल्ला दिला, आणि पुढील काही दिवसांत प्रयोगशाळेच्या तपासणीने रहिवाशांच्या नाकाने दिलेली साक्षच खरी ठरली. या पाणीपुरवठा योजनेवर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते. हजारो कुटुंबांना आपली घरे सोडून कित्येक आठवडे हॉटेलांत मुक्काम करावा लागला.

या दुर्घटनेचे मूळ जवळच्याच एका डोंगराच्या पोटात होते. रेड हिल नावाच्या या डोंगरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४३ या वर्षांत, इंधनाच्या २० प्रचंड टाक्या खोदून बांधण्यात आल्या होत्या. प्रत्येक टाकी सुमारे ७६ मीटर उंच आणि ३० मीटर व्यासाची. आतून पोलादी अस्तर आणि बाहेरून काँक्रीट. सर्व टाक्या मिळून सुमारे ९५ कोटी लिटर इंधन मावेल, अशी ही योजना. बॉम्बहल्ल्यापासून साठा सुरक्षित राहावा, हा त्यामागील हेतू होता आणि त्या काळी तो योग्यही होता. मात्र टाक्यांच्या तळाखाली अवघ्या ३० मीटर अंतरावर गोड्या पाण्याचा भूजलसाठा होता, आणि त्याच साठ्यातून तळाला व होनोलुलू शहराला पिण्याचे पाणी मिळत होते.

जानेवारी २०१४ मध्ये यांपैकी एका टाकीतून सुमारे एक लाख लिटर इंधन गळाले. तेव्हापासून शहराचे पाणीपुरवठा मंडळ सातत्याने धोक्याची सूचना देत होते. मे २०२१ मध्ये इंधन एका टाकीतून दुसरीकडे वळविताना चालकांच्या चुकीमुळे वाहिनीत दाब वाढला आणि सुमारे ७५ हजार लिटर विमान-इंधन बाहेर पडले. त्यातील बहुतेक इंधन आग विझविण्याच्या यंत्रणेच्या एका निचरा-नळीत जाऊन साठले. ते तेथे आहे, हे कोणाच्या लक्षात आले नाही. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२१ रोजी, बोगद्यात फिरणाऱ्या एका गाडीचा धक्का त्या नळीच्या झडपेला लागला. झडप फुटली, इंधन बोगद्यात वाहिले आणि त्यातील काही भाग तळाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचला. डिसेंबरात घेतलेल्या एका नमुन्यात डिझेलवर्गीय हायड्रोकार्बनांचे प्रमाण राज्याने ठरविलेल्या पातळीच्या ३५० पट आढळले.

तेल जमिनीत कसे वागते

ही घटना दूरदेशीची असली, तरी तेलाचे जमिनीतील वर्तन सर्वत्र सारखेच असते. गळलेले इंधन मातीतून आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. वाटेत त्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून बसतो. काही भागाची वाफ होऊन ती मातीच्या पोकळ्यांत साठते. उरलेले इंधन भूजलपातळीपर्यंत पोहोचते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे पाण्यावर थर करून राहते. या थरातून बेंझीन, टोल्युइन, झायलीन, नॅफ्थलीन यांसारखी संयुगे हळूहळू पाण्यात विरघळत राहतात आणि भूजलाच्या प्रवाहाबरोबर पुढे जातात. अशा रीतीने एकाच गळतीतून आलेले इंधन जमिनीखाली चार रूपांत नांदत असते.

पावसाळ्यात भूजलपातळी वर येते आणि उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर तेलाचा थरही खालीवर होतो आणि त्या टापूतील साऱ्या मातीला व खडकाला माखून टाकतो. म्हणूनच एखाद्या विहिरीला उन्हाळ्यात येणारा वास पावसाळ्यात नाहीसा झाला, तरी दोष निवारला असे मानता येत नाही. माखलेला भाग पुनःपुन्हा पाण्याला दूषित करीत राहतो. भूजल वर्षाकाठी काही मीटर ते काही शे मीटर इतक्या संथ गतीने वाहत असल्याने एका दिवसाच्या गळतीचे परिणाम दशकानुदशके टिकू शकतात.

करवंटीची किमया

आता कोळशाकडे वळू. कोळसा रंग आणि वास खेचून घेतो, हे मनुष्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियात काम करणाऱ्या लोव्हिट्स या रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या साहाय्याने द्रावणांतील रंग नाहीसा करून दाखविला. पुढे युरोपातील साखर-शुद्धीकरणात हाडांच्या कोळशाचा वापर रूढ झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला गेला. आपल्याकडे एकावर एक मडकी ठेवून, त्यांत वाळू आणि कोळसा भरून पाणी गाळण्याची पद्धत अनेकांनी शाळेच्या पुस्तकात चित्ररूपाने तरी पाहिली असेल.

तथापि चुलीतील कोळसा आणि सक्रियित कार्बन यांत मोठा फरक आहे. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा प्रथम अपुऱ्या हवेत तापवून त्याचा साधा कोळसा करतात. या कोळशातील सूक्ष्म छिद्रे डांबरासारख्या द्रव्याने बुजलेली असतात. मग त्यावर ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानास पाण्याची वाफ सोडतात. वाफेची कार्बनशी क्रिया होऊन बुजलेली छिद्रे मोकळी होतात आणि नवी छिद्रे कोरली जातात. वाळवी लागलेल्या लाकडाप्रमाणे प्रत्येक कण आतून पोखरला जातो. बाहेरून मात्र त्याचा आकार तसाच राहतो. यातूनच सक्रियित कार्बन तयार होतो.

या छिद्रांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ चकित करणारे असते. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सक्रियित कार्बनमधील अंतर्गत पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर भरतो. आपल्या परिचयाच्या मापात सांगावयाचे, तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन आणि एक किलोग्रॅम कोळशात सुमारे अडीचशे एकर! यातील इंच इंच जागा प्रदूषकाला बसण्यासाठी उपलब्ध असते.

स्पंज पाणी पितो तसा कोळसा बेंझीन पीत नाही. बेंझीनचे रेणू छिद्रांच्या भिंतींवर चिकटून बसतात. शास्त्रीय परिभाषेत या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. तेलातील संयुगे पाण्यात मुळातच परकी असतात. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात आणि या पाहुण्यांना फारसे जवळ करीत नाहीत. कार्बनचा पृष्ठभाग मात्र त्यांच्याच जातकुळीचा. साहजिकच ती पाणी सोडून कार्बनचा आश्रय घेतात. जे संयुग पाण्यात कमी विरघळते, ते कोळशावर सामान्यतः अधिक चांगले चिकटते. म्हणून झायलीन आणि नॅफ्थलीन सहज पकडले जातात, बेंझीन त्यांच्या मानाने थोडे कष्टाने. करवंटीच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रांचे प्रमाण अधिक असल्याने बेंझीनसारख्या लहान रेणूंसाठी तो विशेष उपयुक्त ठरतो. नारळ पिकविणाऱ्या आपल्या देशातून या कोळशाची मोठी निर्यात होते, ही येथे नमूद करण्याजोगी गोष्ट होय.

गाळणीची मांडणी

शुद्धीकरण केंद्रात हा कोळसा बारीक खड्यांच्या स्वरूपात, पोलादी बंद टाक्यांमध्ये काही मीटर उंचीपर्यंत भरलेला असतो. दूषित पाणी वरून सोडतात आणि स्वच्छ पाणी तळातून घेतात. पाणी कोळशाच्या सहवासात किती वेळ राहते, याला फार महत्त्व आहे. रिकाम्या टाकीच्या हिशेबाने हा काळ साधारणपणे १० ते २० मिनिटे ठेवतात. उदाहरणार्थ, दररोज १ कोटी ९० लाख लिटर पाणी शुद्ध करावयाचे, म्हणजे दर मिनिटास सुमारे १३ हजार लिटर. संपर्ककाळ १० मिनिटांचा धरला, तर १३० घनमीटर कोळसा हवा. त्याचे वजन सुमारे ६५ टन भरेल.

टाकीत काय घडते, ते शेतकऱ्यास चटकन उमगेल. पाटाचे पाणी सोडले असता पहिला वाफा भरतो, मग दुसरा, मग तिसरा. त्याचप्रमाणे कोळशाचा सर्वांत वरचा थर आधी भरून जातो आणि प्रदूषकाची आघाडी हळूहळू खाली सरकते. ती तळाशी येईपर्यंत बाहेर पडणारे पाणी निर्मळ असते. आघाडी तळाशी पोहोचताच मात्र पाण्यात प्रदूषक उतरू लागते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हाच या यंत्रणेतील धोक्याचा क्षण.

यावर योजलेला उपाय साधा आणि चतुर आहे. दोन टाक्या एकापुढे एक जोडतात आणि दोहोंच्या मधून नियमितपणे पाण्याचे नमुने घेतात. मधल्या नमुन्यात बेंझीन आढळले, म्हणजे पहिल्या टाकीची क्षमता संपली असे समजावे. दुसरी टाकी तोवर पहारा देतच असते. मग पहिलीतील कोळसा बदलतात, दुसरीला पहिल्या क्रमांकावर आणतात आणि ताजा कोळसा भरलेली टाकी तिच्या मागे उभी करतात. हा क्रम अखंड चालू राहतो.

गाळणीला पाणी देण्यापूर्वीही काही पथ्ये पाळावी लागतात. तरंगणारे तेल आधी वेगळे काढलेच पाहिजे; तवंगासह पाणी सोडल्यास छिद्रांची तोंडे माखतात आणि महागडा कोळसा अल्पावधीत निकामी होतो. गाळ आणि लोह यांचाही बंदोबस्त आधी करावा लागतो. प्रदूषण फार तीव्र असेल, तर उंच मनोऱ्यातून पाणी खाली सोडून त्यातून हवेचा झोत वर नेतात, म्हणजे सहज उडून जाणारी संयुगे निघून जातात आणि कोळशावरील भार हलका होतो. कोळसा पाण्यातील क्लोरीनही खेचून घेत असल्यामुळे पिण्यासाठी द्यावयाच्या पाण्यात गाळणीनंतर पुन्हा क्लोरीन घालावे लागते. ओला कोळसा बंद टाकीतील प्राणवायूही शोषून घेतो. म्हणून टाकीत उतरणाऱ्या कामगाराने आतील हवेची तपासणी झाल्याखेरीज पाऊल टाकू नये, हा नियम प्राणरक्षक आहे.

भरून गेलेला कोळसा उकिरड्यावर टाकून देता येत नाही, कारण पाण्यातले विष आता त्यात बसलेले असते. तो भट्टीत नियंत्रित हवेत पुन्हा तापवितात. प्रदूषक जळून जातात आणि काही टक्के तूट सोसून कोळसा पुनश्च कामास येतो.

रेड हिलचा धडा

रेड हिल येथे जानेवारी २०२२ च्या अखेरीस ही पद्धत मोठ्या प्रमाणावर अंमलात आली. दूषित विहिरीतून दररोज ५० लाख गॅलनपर्यंत, म्हणजे वर गणितात घेतलेल्या १ कोटी ९० लाख लिटरइतके पाणी उपसून ते कणीदार सक्रियित कार्बनच्या टाक्यांतून गाळले जाऊ लागले. या उपशाचा हेतू दुहेरी होता. एक तर पाणी स्वच्छ होत होते. शिवाय सतत उपसा होत राहिल्याने आजूबाजूचे दूषित भूजल त्याच विहिरीकडे ओढले जात होते आणि शहराच्या विहिरींकडे सरकण्यास प्रतिबंध होत होता. वस्तीतील जलवाहिन्या धुऊन काढताना निघालेले पाणीही कोळशातून गाळूनच सोडण्यात आले. मार्च २०२२ मध्ये आरोग्य विभागाने सर्व वस्त्यांतील पाणी पुन्हा पिण्यायोग्य असल्याचे जाहीर केले.

परंतु याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उपसून शुद्ध केलेले ते पाणी पिण्यासाठी न देता जवळच्या हालावा ओढ्यात सोडण्यात येत होते. त्याच सुमारास प्रदूषण आपल्याकडे ओढले जाऊ नये, म्हणून शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने आपली मोठी हालावा विहीर खबरदारी म्हणून बंद केली होती. शहराच्या मुख्य भागाच्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका विहिरीतून येत असे. मार्च २०२२ मध्ये नागरिकांना पाण्याच्या वापरात १० टक्के बचत करण्याचे आवाहन करावे लागले. एकीकडे कोट्यवधी लिटर पाणी ओढ्यातून समुद्राकडे जात आहे आणि दुसरीकडे बचतीचे आवाहन चालू आहे, असे हे विदारक दृश्य होते.

अखेर मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी हा साठा कायमचा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये टाक्या रिकाम्या करण्यास प्रारंभ झाला आणि सुमारे ३९ कोटी लिटर इंधन तेथून हलविण्यात आले. मे २०२५ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने पहिल्या १७ तक्रारदारांना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. ऐंशी वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात दडवून ठेवलेल्या इंधनाचा हिशेब असा पुढच्या पिढ्यांना चुकवावा लागला.

जेथे कोळसा अपुरा पडतो

कोळसा हा सर्वगुणसंपन्न उपाय नव्हे. पेट्रोलची प्रत वाढविण्यासाठी त्यात मिसळले जाणारे एम.टी.बी.ई. हे संयुग पाण्यात सहज विरघळते आणि कोळशावर अनिच्छेनेच बसते. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला या एका संयुगामुळे १९९६ साली आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि त्या पुन्हा चालू होण्यास दशकाहून अधिक काळ लागला. तेथेही शेवटी कार्बनचाच आधार घेण्यात आला. मात्र अशा ठिकाणी कोळसा लवकर भरतो आणि वारंवार बदलावा लागतो.

इथेनॉलचे वर्तन याहून निराळे असते. आपल्या देशात २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठण्यात आला आणि महाराष्ट्रातील ऊस-उत्पादकांचा त्यात मोलाचा वाटा आहे. इथेनॉल कोळशावर फारसे बसत नाही. पण जमिनीतील जिवाणू ते आवडीने खाऊन टाकतात. अडचण अशी की, त्या मेजवानीत ते भूजलातील प्राणवायूही संपवितात आणि बेंझीनचा फडशा पाडण्याचे काम मागे पडते. परिणामी अशा गळतीत बेंझीनचा फैलाव अधिक दूरवर जाऊ शकतो. इथेनॉलचे लाभ यामुळे कमी होत नाहीत. मात्र साठवणुकीच्या टाक्यांची निगा अधिक काटेकोरपणे राखणे अगत्याचे ठरते.

शिवाय, गाळणी फक्त उपसलेले पाणी शुद्ध करते. खडकात माखलेले तेल जोवर काढले जात नाही, तोवर गाळणी चालूच ठेवावी लागते. म्हणून गळती थांबविणे, तरंगते तेल उपसणे आणि मातीतील वाफ खेचून घेणे ही कामे कोळशाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, करावी लागतात.

दोन बेसाल्ट भूमी

हवाईची ही कथा महाराष्ट्रास एका कारणाने अधिक जवळची वाटावी. ओआहू बेट ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून, म्हणजे बेसाल्ट खडकापासून बनले आहे. आणि आपल्या राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक भागाखाली दख्खनचा बेसाल्टच पसरलेला आहे. तेथील खडक वीस-तीस लाख वर्षांपूर्वीचा, पोकळ आणि पाणी वाहून नेण्यास अत्यंत अनुकूल. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांचे थर एकावर एक. आपल्याकडील पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असते. साठा लहान, विहिरी उथळ आणि त्या सांडलेल्या तेलाच्या फार जवळ. शिवाय भेगांतून जाणाऱ्या तेलाचा मार्ग वाळूतल्यासारखा सरळ नसतो. ते शेजारची विहीर सोडून दूरच्या विहिरीत प्रकट होऊ शकते. त्यामुळे शोध घेणे आणि शुद्धीकरणाची योजना आखणे ही दोन्ही कामे आपल्या भूमीत अधिक बिकट आहेत.

असे प्रसंग आपल्या देशात घडतच नाहीत, असेही नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली भूमिगत तेलवाहिनीच्या गळतीमुळे घरोघरच्या कूपनलिकांतून पाण्याबरोबर इंधन येऊ लागल्याचे उघडकीस आले होते.

विहिरीला वास आल्यास

विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या पाण्याला पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलचा वास आला किंवा त्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला, तर ते पाणी पिणे व स्वयंपाकासाठी वापरणे तात्काळ थांबवावे. पाणी उकळून घेणे हा येथे उपाय नव्हे. उकळताना घातक वाफा स्वयंपाकघरातच पसरतात. तुरटी किंवा क्लोरीन यांचाही उपयोग होत नाही. घरगुती गाळणयंत्रात कोळशाची कांडी असली, तरी ती अशा प्रदूषणासाठी योजलेली नसते. तिची क्षमता केव्हा संपली, हे कळण्याचे साधन घरी नसते. विहिरीजवळ काडी, विडी अथवा दिवा पेटवू नये आणि पंपाचे बटण दाबू नये, कारण साठलेल्या वाफांचा भडका उडू शकतो. पाहणी करण्यासाठी म्हणून कोणीही विहिरीत उतरू नये.

घटनेची खबर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तहसील कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना विनाविलंब द्यावी. पाण्याचे नमुने काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न राहील असे भरावयाचे असतात, नाहीतर उडून जाणारी द्रव्ये निसटतात. म्हणून हे काम जाणकारांकडूनच करून घ्यावे. भूजलाचा अभ्यास आणि सर्वेक्षण यांसाठी १९७२ पासून राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत आहे.

इंधनाचा साठा बाळगणाऱ्यांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. पंपचालक रोज सकाळी टाकीत डिप रॉड टाकून जी नोंद करतो, ती केवळ हिशेबासाठी नसून भूजलाच्या रक्षणासाठीही आहे. विक्री आणि साठा यांचा मेळ दिवसामागून दिवस बसत नसेल, तर ते इंधन कोठेतरी जात आहे, हे निश्चित. रेड हिल येथे सहा महिने एका नळीत हजारो लिटर इंधन पडून राहिले; नोंदीतील तफावतीचा तेव्हाच नेटाने छडा लावला असता, तर पुढील अनर्थ टळला असता. शेतकरी बांधवांनीही डिझेलचे पिंप विहिरीच्या काठावर ठेवू नये आणि पंपाच्या इंजिनाखाली पत्र्याचे भांडे ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

वाया गेलेल्या करवंटीला अग्नी आणि वाफ यांचे संस्कार घडवून माणसाने पाणी शुद्ध करण्याचे एक प्रभावी साधन निर्माण केले, याचा यथार्थ अभिमान बाळगावा. मात्र हवाईच्या त्या गृहिणींना पाण्यात काही बिघडले आहे, हे प्रथम सांगितले ते कोणत्याही यंत्राने नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या नाकाने. आणि त्यांचे म्हणणे वेळीच मानले गेले असते, तर कित्येक मुलांच्या पोटात ते पाणी गेले नसते. पाण्याविषयी आलेली तक्रार, मग ती कोणत्याही आळीतून वा वाडीतून आलेली असो, प्रथम खरी मानावी आणि मग तपासावी. कोळशाची गाळणी त्यानंतर येते.